थोरलीचा बुधवार

एकोणीसशे एकाहत्तर सालच्या एका बुधवारी धाकटी जाऊ सिनेमाहून परतली ती नाक पुसतच. थोरली गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. खोलीत फक्त सासरे होते. अर्धांगवायूने पडलेले. त्यांची वाचा गेली होती. कान आणि डोकं शाबूत होतं.

धाकटी त्यांच्या पायाशी बसली.

"मामंजी, काय सिनेमा आहे हो! एक बहिरी परटीण असते. तिची लेक गाणं शिकते, लांब शहरात निघून जाते. शेवटी लेकीचं गाणं रेडिओवर लागतं, आणि ही बया रेडिओवर दोन्ही तळवे ठेवून बसते. हातांनी ऐकते हो, हातांनी! मला आणखी एकदा बघायचाय."

सासऱ्यांच्या बऱ्या डोळ्यातून पाणी आलं. धाकटीने ते पुसलं आणि स्वतःचंही पुसलं.

जिन्यावर पावलं वाजली. सासऱ्यांना एकटं ठेवता येत नसे, म्हणून दोघी जावांनी बुधवारची दुपार वाटून घेतली होती. एका आठवड्याला एकीने सिनेमाला जायचं, पुढच्या आठवड्याला दुसरीने. आणि जी जाईल तिने घरी राहिलेलीला अख्खा सिनेमा सांगायचा, मारामाऱ्यांसकट. हा सिनेमा पुढच्या गुरुवारी उतरणार होता. मध्ये एकच बुधवार उरला होता, आणि तो थोरलीचा होता.

थोरलीने कपड्यांचा ढीग खाटेवर टाकला. "कसा होता गं?"

"रद्दी," धाकटी म्हणाली.

"मग डोळे का लाल?"

"झोपले होते, वहिनी."

थोरली हसली. खालच्या दुकानातून दोघींच्या नवऱ्यांनी शिवून पाठवलेले शर्ट तिने पुढ्यात ओढले, सुईत दोरा ओवला आणि काज करायला घेतलं. "सांग तरी. रद्दी तर रद्दी. ठरलंय ते ठरलंय."

धाकटीने बटणांचा डबा उघडला आणि सांगायला लागली.

"एक परटीण. पहिल्यापासून रडतेय. एवढ्या पाण्यात चार चादरी निघाल्या असत्या."

"बरं. पुढे?"

"लेक गाते. आईला ऐकू येत नाही, हे नशीबच म्हणायचं. शेवटी म्हातारी रेडिओला हात लावून बसते. मला वाटलं, तापलाय की काय बघतेय!"

"अगं बाई! मग कपाळावर ओली पट्टी ठेवली की नाही?"

थोरली एवढी हसली की सुई बोटात गेली. बोट तोंडात धरूनही हसत राहिली. ते हसणं बघून धाकटीलाही चेव आला. तिने परटिणीची चाल करून दाखवली, लेकीचा गळा काढून दाखवला. सासरे बऱ्या हाताने खाटेच्या दांडीवर धपाधप मारू लागले.

"पाणी हवंय वाटतं त्यांना," थोरली म्हणाली.

धाकटीने पेला त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून उशीवर ओघळलं.

"आण इकडे." थोरलीने पेला घेतला. सासरे घटाघट प्यायले. "बघ, माझ्या हातचं कसं गोड लागतं! सेवा करावी लागते, बाई."

पुढच्या बुधवारी जेवणं झाल्यावर थोरली म्हणाली, "मी काही त्या रद्दीसाठी उन्हात पायपीट करत नाही. माझा बुधवार तू घे. कधीची आईकडे गेली नाहीस, जाऊन ये."

धाकटी काहीतरी बोलणार होती. थोरलीने तिला समोर बसवलं, केस सोडवले, वेणी घालून दिली. "अशी अवतारात जाशील, तर तुझी आई म्हणेल, जावेने छळ मांडलाय."

धाकटी आईकडे गेली नाही.

शेवटच्या प्रसंगाला थिएटर चिडीचूप झालं. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. पडद्यावर परटिणीने फुटलेले, सुरकुतलेले तळवे रेडिओवर ठेवले. धाकटीला रडू आलं नाही. तिला थोरलीचं हसणं तेवढं ऐकू येत होतं.

घरी परतल्यावर थोरलीने विचारलं, "काय म्हणते आई?"

"बरी आहे."

सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ते त्याच हिवाळ्यात गेले. तयार कपड्यांपुढे दुकान टिकलं नाही. थोरला भाऊ एका कारखान्यात कापड बेतायला लागला, धाकटा बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या गावी गेला. थिएटरचं आधी गोदाम झालं, मग तेही पडलं. परटिणीची गोष्ट मात्र थोरलीच्या तोंडी राहिली. लग्नाकार्याला चार बायका जमल्या की तिला आग्रह व्हायचा, "तो तापलेल्या रेडिओचा सिनेमा सांगा ना!" आणि ती न पाहिलेला सिनेमा चालीसकट करून दाखवायची. धाकटी त्या वेळी उठून स्वयंपाकघरात जायची.

पुष्कळ वर्षांनी तो सिनेमा टीव्हीवर लागला. धाकटीने ताबडतोब फोन केला.

"वहिनी, टीव्ही लावा. परटिणीचा लागलाय. बघा तुम्ही, चांगला आहे."

"तोच ना तो? राहू दे गं. तुला नाही आवडला, तो मला कुठला आवडायला!"

थोरली त्यानंतर दोन वर्षांनी गेली. धाकटी अजून आहे. दिसतं बऱ्यापैकी, सिनेमे बघते. नातवंडं तिला विचारतात, "आजी, कसा होता गं?"

"मला नका विचारू," ती म्हणते. "तुम्ही जाऊन बघा."