ठिणगीशिवाय

यंत्राचं टूल गरगरत दोन पत्र्यांच्या फटीत उतरलं आणि म्हाताऱ्या वेल्डरने डोळे गच्च मिटले.

"बाबा! बघायला आलात ना?" यंत्राजवळ उभी असलेली त्याची मुलगी हसली. "उघडा डोळे. इथे ठिणगीच नाही."

"मी कुठे मिटतोय? तेच मिटतात मेले."

सगळा जन्म त्याने काळ्या काचेआडून लोखंड जोडलं होतं. काच विसरली की रात्रभर डोळ्यांत वाळू. आता नजर विझत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. अजून दिसतंय तोवर एक सांधा जुळताना नुसत्या डोळ्यांनी बघायचा, म्हणून तो हट्टाने आला होता. आणि आज नव्या टूलच्या चाचणीला पत्र्यांची ही एकच जोडी होती.

"जरा थांबव की गं ते."

"मध्येच थांबलं तर सांधा वाया जाईल."

धूर नाही, वास नाही. कुणी झोपाळा हलवावा तशी संथ घरघर. त्याने पापण्या चिमटीत धरून वर ओढल्या. त्या सुटून परत मिटल्या. टूल निम्म्यावर आलं.

मग मुलीने आपला तळवा त्याच्या डोळ्यांवर धरला. लहानपणी ती शेडमध्ये आली की तो तिच्या डोळ्यांवर धरायचा, तसाच. त्या अंधारात पापण्या आपोआप सैल झाल्या, उघडल्या. तिने हळूच बोटं फाकवली.

धातू वितळत नव्हता. नुसत्या घासण्याच्या उष्णतेने मळलेल्या पिठासारखा मऊ होऊन टूलभोवती फिरत होता, आणि टूल पुढे सरकलं की मागे बारीक चंदेरी लहरी राहत होत्या. जणू एखादं तळं वाऱ्यासकट निजलं होतं.

"टूल बाहेर निघताना भोक राहणार," तो पुटपुटला.

"जुन्या टूलने राहायचं. याच्या टोकाची खुंटी हळूहळू टूलच्या आत ओढली जाते. बघा."

खुंटी वर सरकत गेली, तिच्याखाली धातू मिटत गेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण पापणी लवली नाही.

घरघर थांबली. तिने हात काढला.

त्याने सावकाश, आपणहून डोळे मिटले.

"झालं, बाबा. उघडा आता."

"थांब," तो म्हणाला. "अजून चाललंय."