कापसाचा बोळा

"वास येतो का?"

"येतो."

"कसला?"

"नीलगिरीचा. रोज काय वेगळा असतो का?"

मेजरने वहीत खूण केली, चिमट्यातला बोळा पायाशी ठेवलेल्या डब्यात टाकला आणि नवा घेतला. कारखान्याच्या गेटवरची बायकांची रांग पुढे सरकली, एका पांढऱ्या वर्तुळातून दुसऱ्या वर्तुळात.

मेजर सैन्यात कधीच नव्हता. साथ आल्यापासून तो गेटवर उभा राहून ताप मोजायचा, तळहातांवर सॅनिटायझर ओतायचा आणि मास्क उतरवायला लावून नाकाशी ओला बोळा धरायचा. त्या रुबाबावरून बायकांनी त्याचं हे नाव पाडलं होतं. जिला वास येणार नाही तिने घरी जायचं आणि चौदा दिवस दार लावून बसायचं, असा नियम होता.

आक्काची पाळी आली. एरवी ती मास्क खाली, 'येतो', मास्क वर, अशी एका दमात सुटायची. आज तिने थांबून, मन लावून श्वास घेतला. काहीच नाही. पुन्हा घेतला, पार पोटापर्यंत. कापूस नाकाला गार लागला, तेवढंच.

"वास येतो का, ताई?"

"येतो."

"कसला?"

"नीलगिरीचा," म्हणत आक्का आत गेली. पाय तिचे होते, पण चालत दुसरंच कोणी होतं.

दुपारी दोनला जावई तिला न्यायला येणार होता. अकरा दिवसांपूर्वी लेकीला मुलगी झाली होती. लेकीचे नऊ महिने आक्काने फोनवरच काढले. डोहाळे फोनवर, रुसवे फोनवर, शेवटी बाळाचा पहिला ट्यांहाही फोनवरच. रस्त्यांवरचे अडथळे काल निघाले आणि शहराने इतक्या महिन्यांचा कोंडलेला श्वास सोडला. दुकानांची दारं पूर्ण उघडली, लोक मास्कच्या वरून डोळ्यांनीच हसायला लागले. आक्काने साथीत कुठे ढिलाई केली नव्हती. भाजी मिठाच्या पाण्यातून, किल्ल्या साबणाच्या पाण्यातून, आणि शेजारणीशी गप्पा खिडकीतून. आणि आज, नेमकी आजच, ही वेळ.

ती मशीनवर बसली. दवाखान्यासाठी निळे गाऊन शिवायचे होते. तिच्याकडे नाड्या लावायचं काम होतं. कालपासून शिवता शिवता तिने नातीसाठी दोन ओळी जुळवल्या होत्या:

सुई गं जाते पुढं, दोरा गं येतो मागं
माझ्या लेकीचं तान्हुलं, झोपेत हसू लागं

आज ओळी ओठापर्यंत आल्या आणि माघारी गेल्या.

शेजारच्या मशीनवर बसणारीला सगळ्या जणी रेडिओ म्हणायच्या. कारखान्यातली कुठलीही बातमी आधी तिच्या तोंडून निघायची.

"रेडिओ, तुला सकाळी वास आला का गं?" आक्काने नाडीवरची नजर न उचलता विचारलं.

"आला म्हणजे? नाकात झिणझिण्या आल्या माझ्या. डोळ्यांतून पाणी काढलं मेल्याने. का गं?"

"काही नाही. सहज."

"सहज कसलं, तोंड बघ कसं झालंय. आजी होणं सोसत नाही वाटतं?"

आक्का हसल्यासारखं करून उठली. मोरीपाशी कोणी नाही असं बघून तिने मास्क काढला आणि साबणाची वडी नाकाशी धरली. वास आला. की आल्यासारखं वाटलं? साबणाचा वास इतकी वर्षं डोक्यात मुरलेला. तो नाकातून आला की आठवणीतून, हे तिला ठरवता येईना.

मग उगीच तिला वाटलं, कदाचित काही नसेलही. बाहेरच्या खोलीतच बसावं. बाळाला लांबूनच बघावं.

पण तिला स्वतःचा स्वभाव ठाऊक होता. लेक म्हणणार, 'घे ना गं आई', आणि ती घेणार. नऊ महिने तिने एकाच गोष्टीची वाट पाहिली होती, बाळाच्या टाळूच्या वासाची. तो घ्यायचा म्हणजे नाक टाळूला टेकवायचं. आणि घेतलेला श्वास तिथेच सोडायचा.

तिने मास्क चढवला, मशीनचं बटण बंद केलं आणि ती जिना उतरली.

मेजर केबिनमध्ये वही भरत बसला होता. आक्का दाराबाहेरच उभी राहिली, चांगली तीन हात लांब.

"मेजर, माझ्या नावापुढची खूण खोडा."

"का हो?"

"सकाळी खोटं बोलले मी. मला वास आला नाही. जरासुद्धा नाही. मला घरी पाठवा, नाहीतर दवाखान्याची गाडी बोलवायची असेल तर गाडी बोलवा. रेडिओ माझ्या शेजारी बसते, तिचीही तपासणी करा. दोनला जावई येतोय, त्याला मी परत पाठवते."

बोलून झालं आणि सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं. डोळे भरून आले होते, पण श्वास मोकळा झाला होता.

मेजरने पेन खाली ठेवलं. जिन्याकडे बघितलं, वर कोणी नव्हतं. मग स्टुलावरूनच भिंतीला टेकून त्याने दोन्ही हातांनी कपाळ पुसलं.

"सुटलो बुवा," तो म्हणाला.

"तुम्ही कशातून सुटलात?"

"साठ जणी रोज इथून आत जातात, ताई. कोणीतरी हे म्हणेल म्हणून चार दिवस वाट बघतोय."

"म्हणजे? आणखी कोणाला झालंय?"

"कोणाला काही नाही. जावयांना येऊ द्या."

"अहो, पण मला वास—"

"कुठून येणार? नीलगिरीची बाटली सोमवारीच संपली. नवी येईपर्यंत वही कोरी दिसता कामा नये, असं साहेब म्हणाले, म्हणून बोळे मी नळाखाली भिजवतोय."