अधिपतीचं मरण

जातमिकोने लाकडी कट्यार खुपसली आणि म्हातारा मार्तोयो ठरल्याप्रमाणे त्याच्याच मांडीवर कोसळला.

भरदुपारचा खेळ असूनही क्लातेनच्या बाजारामागच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. माणसं आली होती ती पुढचं ऐकायला. जावातल्या केतोप्राक या लोकनाट्याला लिहिलेली संहिता नसते. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, शब्द मात्र ज्याचे त्याने जागेवर जुळवायचे. दगाबाज सेनापतीच्या मांडीवर मरणारा अधिपती शेवटी काय बोलतो, एवढ्यावर मार्तोयोने तीस वर्षं गावंच्या गावं रडवली होती.

आज त्याला अधिपतीचं काहीएक बोलायचं नव्हतं. याच जातमिकोने नाटक मंडळीच्या मालकिणीचे कान भरल्याचं त्याला सकाळीच कळलं होतं. म्हणे, म्हातारा विसरतो, त्याला पहारेकऱ्याचं काम द्या, अधिपती मी करतो. एकोणीस वर्षं शिकवलेलं पोर! नाव घेऊन चारचौघांत त्याचे वाभाडे काढायचे, असं मार्तोयोने पक्कं केलं होतं.

त्याने तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

नवे शब्द नाहीत, जुनेही नाहीत. वाद्यं थांबली. पुढच्या रांगेतली कुणी बाई खोकली. पडद्याआड उभी असलेली लास्त्री मालकीण दोन पावलं पुढे सरकली.

जातमिकोने रडण्याच्या मिषाने मान खाली घातली. "बाबा," तो कानाशी पुटपुटला, "म्हणा, घाव खोल नाही रे..."

मार्तोयोचेच शब्द होते ते, गेल्या साली गाजलेले. त्याला त्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण लोक थांबले होते.

"घाव खोल नाही रे," तो म्हणाला.

"हात ओळखीचा निघाला, म्हणून मरतोय," जातमिकोने पुढचं कानात सांगितलं.

"हात ओळखीचा निघाला," म्हाताऱ्याचा आवाज फाटला, "म्हणून मरतोय!"

पदर डोळ्यांना लागले. पुरुषही नाकं ओढू लागले.

दोघे पडद्याआड येताच लास्त्रीने जातमिकोला गाठलं. "म्हातारा विसरतो काय रे? ज्याचं खाल्लंस त्याच्याच जागेवर डोळा! उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

"बाई, मी कानात सांगत होतो त्यांना," जातमिको म्हणाला. "आजच नाही, वर्षभर सांगतोय. बाबा, तुम्हीच सांगा ना."

लास्त्री मार्तोयोकडे वळली. "खरं का?"

मार्तोयो डिंकाने चिकटवलेली मिशी हळूहळू सोडवत होता. एका बाजूची काढायला त्याने बराच वेळ घेतला.

"मी काय सांगायचं, बाई?" तो म्हणाला. "कुणाचा आवाज होता ते अख्ख्या गावाने ऐकलंय."