आतला काप

"एक बार चला के दिखाइए, राजनभाई," तय्यब म्हणाला.

राजननं उजवा हात पँटच्या खिशातून काढला नाही. मशीन चालवणारे कारागीर व्हिसा कॅन्सल करून केव्हाच गावी गेले होते. शारजा इंडस्ट्रियलमधल्या राजनच्या शेडमध्ये आता तिघंच होते: राजन, त्याची बायको शोभना, आणि लाकडात जाळी कापायचं स्क्रोल सॉ विकत घ्यायला अजमानहून आलेला तय्यब. त्याचा तिथं फर्निचरचा लहानसा कारखाना होता.

"मैं चालू करके दिखाती हूँ ना," शोभना घाईनं म्हणाली.

"चालू तो मैं भी कर लूँगा भाभी. कटिंग देखनी है. अंदर की कटिंग."

राजनचा हात वर्षभर थरथरत होता. पार्किन्सन्स. दुबईतल्या व्हिलांची कामं बंद पडली, ऑर्डरी खलास झाल्या, त्याच सुमारास हे सुरू झालं. लोकांना वाटायचं, धंद्याचा धक्का बसलाय. राजन तसं वाटू द्यायचा. चारचौघांत तो चहा घेत नसे. आज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं शोभनानं लावली होती.

भिंतीशी सागाची एक फळी उभी होती. कुठल्याशा व्हिलाच्या जिन्यासाठी केलेली जाळी; एकमेकांत गुंतलेले तारे. मालकच रातोरात देश सोडून गेला आणि काम तिथंच थांबलं. मधला तारा पेन्सिलीच्या रेघेतच राहिला होता. राजननं फळी डाव्या हातानं ओढून घेतली.

"अहो, नको," शोभना मराठीत, हळूच म्हणाली. "बोट जाईल."

"बाजूला हो जरा. उजेड येऊ दे."

हात खिशातून बाहेर आला. तय्यब वाकून खालची मोटर बघत होता, त्याला काही दिसलं नाही.

राजननं छातीशी धरून ड्रिल चालवलं आणि ताऱ्याच्या पोटात भोक पाडलं. मग मशीनच्या वरच्या दांड्यातून पातं सोडवलं. दोऱ्याएवढं बारीक पातं. त्याच्यावर फळी उतरवून टोक भोकातून वर काढायचं, पुन्हा दांड्यात अडकवायचं, ताणायचं. पहिल्यांदा टोक लाकडालाच अडलं. शोभनानं नजर दुसरीकडे वळवली. परत बघितलं तेव्हा पातं वर आलं होतं आणि राजन ते ताणून बोटानं टणटण वाजवून बघत होता.

त्यानं मशीन सुरू केलं. दोन्ही तळवे फळीवर टेकवले.

हात थांबला.

शोभनाला आधी खरं वाटेना. डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं, रिकामा हात जास्त थरथरतो, कामात कधी कधी शांत होतो. समजूत घालायला म्हणत असतील, असं समजून तिनं ते सोडून दिलं होतं. आता तो हात तिच्यासमोर होता. पातं जागच्या जागी वरखाली होत होतं; फिरत होतं ते लाकूड, आणि त्याला फिरवत होता तो हात. ताऱ्याच्या टोकाशी आला की अगदी जरासा थबकायचा, फळी पात्याभोवती वळायची, आणि काप पुन्हा रेघेवरून निघायचा. लग्न झाल्यापासून तिनं ह्या माणसाला कोटेशनं करताना पाहिलं होतं, फोनवर भांडताना पाहिलं होतं. कापताना कधीच नाही; लग्नाआधी तो स्वतः मशीनवर असायचा, हे तिनं फक्त ऐकलं होतं. त्याचं तोंड किंचित उघडं होतं, लहान मुलाचं झोपेत असतं तसं. तिला त्याला हाक मारायची भीती वाटली. देवळात मोठ्यानं बोलायची वाटते तशी.

ताऱ्याचा तुकडा सुटून खाली पडला. राजननं मशीन थांबवून पातं सोडवलं.

तय्यबनं फळी शटरच्या उजेडाकडे धरली. बाहेरची कड कुठंही तुटलेली नव्हती. पातं आत शिरलं कुठून, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"माशाल्ला," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "मशीन ले जाऊँगा. पर चलानेवाला कहाँ से लाऊँ? आप आ जाइए."

राजनचा हात मशीनच्या टेबलावर होता आणि पुन्हा हलू लागला होता. त्याच्या बोटांजवळचा भुसा सरकत होता. त्यानं हात तिथंच राहू दिला.

"मेरा हाथ काँपता है, तय्यबभाई."

बाहेरच्या माणसाला त्यानं हे पहिल्यांदाच सांगितलं होतं.

तय्यबनं हाताकडे बघितलं. नीट बघितलं. मग पुन्हा फळीकडे.

"होगा. इसमें कहाँ है?"

बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचा आवाज थांबेपर्यंत राजन डाव्या हातानं टेबलावरचा भुसा झाडत राहिला.

"शनिवार से आता हूँ," तो म्हणाला.

शोभना पुढं झाली. तय्यबच्या हातातल्या फळीतल्या त्या मोकळ्या ताऱ्यात तिनं बोट घातलं आणि आतल्या कडेवरून सावकाश फिरवलं. लाकूड अजून गरम होतं.