भुंडे हात

जनुक-दुरुस्ती केंद्राच्या पायरीवर सुकेशिनीने बांगड्या उतरवून पर्समध्ये टाकल्या. तीन वर्षांपूर्वी इथेच एका सुईने तिच्या रक्तातला आनुवंशिक सिकलसेल आजार कायमचा गेला होता. हाडं ठणकायची थांबली. पण त्याच सुईपायी पुढे शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उलटलं आणि हात थरथरू लागले. घरी तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आत धाकटी बहीण करिष्मा दुखरा गुडघा चेपत बसली होती. आज तिची सुई होती.

"ताई, नंतर काही त्रास नाही ना गं?"

"छे!"

"मग हात असे भुंडे का?" तिने आपल्या दोन बांगड्या ताईला चढवल्या.

त्या किणकिणू लागल्या, थांबेचनात. आतून करिष्माचं नाव पुकारलं गेलं.

तिने ताईचं मनगट घट्ट धरलं. "पण हाडं तर दुखत नाहीत ना?"

"नाही." हे खरं होतं.

"मग वाजू देत की," म्हणत करिष्मा लंगडत आत गेली.