मुकादमाचं बोट

"शिट्टीच नाही?" आईने पुन्हा विचारलं.

"नाही गं. विजेचा कुकर आहे हा. शिजलं की आपला आपण थांबतो आणि टुं-टुं वाजतो."

आई मुलाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने खोक्यातून निघालेल्या त्या काळ्या, गोलमटोल यंत्राकडे पाहिलं. नको तेव्हा दारात पाहुणा उभा राहावा, तसा तिचा चेहरा झाला.

मुलाला वाटलं, नवी वस्तू म्हणून बिचकते आहे. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि घरी आला तरी त्याच्या अंगातला मास्तर उतरत नसे. त्याने माहितीपुस्तिका उघडून धडा सुरू केला. झाकणातलं रबर नीट बसलंय का बघायचं. वाफेची कळ बंद करायची. पहिल्यांदा नुसतं पाणी घालून चालवायचा. आई त्याच्या तोंडाकडे बघत एकेक गोष्ट ऐकत होती. बोलायचं तर समोर येऊन बोला, ही तिची जुनी शिस्त. मागून मारलेल्या हाकेला ती ओ द्यायची नाही.

हा कुकर जमायलाच हवा होता. गेले काही आठवडे आईच्या हातून सारखं काहीतरी जळत होतं. कधी भात, कधी बटाटे. परवा तर सुनेचे आईवडील जेवायला आलेले असताना कुकर करपला आणि घरभर धूर झाला. चार माणसांत आईला तोंड कुठे लपवावं कळेना. सूनबाई मनाने वाईट नव्हती, पण त्या दिवशी ती म्हणालीच, "आई, आता तुम्ही गॅसपाशी एकट्या नकोच. आपण स्वयंपाकाला बाई लावू." आई पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली. तेव्हा मुलाने मध्ये पडून हा शेवटचा उपाय काढला होता. हेही जमलं नाही, तर स्वयंपाकघर तिच्या हातून जाणार होतं.

खरं तर आता तिचे हात मोकळे चालायला हवे होते. कारण मुकादमांना त्याने स्वतःच तिथून हलवलं होतं.

मुकादम म्हणजे त्याचे वडील. नाव सुनेने ठेवलेलं, पण अगदी चपखल. निवृत्त झाल्यापासून ते स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून पेपर वाचत बसायचे. कुकरची शिट्टी झाली की पेपरातून मान वर न काढता एक बोट वर. दुसरी झाली की दोन. तीन बोटं वर गेली की आईने हातातलं काम टाकून गॅस बंद करायला धावायचं. यांच्या तोंडून एक शब्द नाही. उठून स्वतः गॅस बंद करतील तर शपथ! बायकोला असं बोटावर नाचवणारा बाप बघून मुलाला सुनेसमोर लाज वाटायची. शेवटी महिन्यापूर्वी एक दिवस त्याने सुनावलंच, "बाबा, जन्मभर तिच्या डोक्यावर बसलात. आता तरी तिला श्वास घेऊ द्या. गॅलरीत जाऊन बसा."

मुकादमांनी आईकडे पाहिलं. आईने किंचित नकारार्थी मान हलवली. मग ते स्टूल उचलून गॅलरीत गेले. मुलाला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

आईने बटण दाबलं. दिवा लागला. ती यंत्रावर डोळे रोखून उभी राहिली.

"अगं, पहारा नाही द्यायचा," मुलगा हसून म्हणाला. "हाच तर याचा फायदा. तू तुझं काम कर. वाजला की बघ."

आई नाइलाजाने वळली आणि बटाटे सोलू लागली. मुलगा टेबलाशी पुस्तिका चाळत बसला.

कुकर वाजला. टुं, टुं, टुं. चांगला खणखणीत वाजला.

आई बटाटे सोलत होती.

पुन्हा वाजला. "आई," मुलगा म्हणाला. तिची पाठ हलली नाही. मुलगा चिडला. हिचं लक्ष असतं तरी कुठे? बायको म्हणते तेच खरं, बाई लावलेली बरी. ओरडायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात गॅलरीतून मुकादम आले. आत न येता ते उंबऱ्यावरच थांबले. पेपर काखेत धरून ते आईच्या नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत वाकले आणि त्यांनी एक बोट वर केलं.

आईने चटकन सुरी ठेवली, हात पुसले आणि वळली. तिचा चेहरा उजळला होता.

"वाजला की रे! किती गोड आवाज आहे."

कुकर केव्हाच गप्प झाला होता.

मुलगा त्या बोटाकडे बघत राहिला. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. ओ न दिलेल्या सगळ्या हाका त्याला आठवल्या. आपण गॅलरीत काय नेऊन बसवलं ते त्याला कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुकादमांनी घाईघाईने बोट खाली घेतलं. आईने पाठ फिरवून वाफेची कळ उघडेपर्यंत ते थांबले.

"तिला काही विचारू नकोस," ते म्हणाले. "लाज वाटते तिला. पण बाई नका रे लावू. मी पेपरामागून करीन. बोट कुणाला दिसणार नाही."