राखून ठिवलेला आवाज

"न्हाई वो काका. गेलाच तो आवाज." दिपालीनं मोबाईल काचेवर ठिवला.

कारभारीनं तो परत तिच्याकडं सरकावला. कॉम्प्युटर शिकलेली पोरगी, जामखेडात तिचं मोबाईलचं दुकान. मेलेला मोबाईल उठवून बसवती, आसं लोक म्हनायचे.

"आजून यकदा बघ की. खर्ड्याहून आलोय. कुठंतरी कोपऱ्यात दडला आसंल. चांगुणा काय गप बसनारी बाई न्हवती."

चांगुणा त्याची बायको. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला यक कोयता म्हनत्यात, तसा दोघांचा यक कोयता हुता. मागल्या हंगामात म्हातारी आई पडली म्हनून कारभारी गावाकडं आल्ता. फडावरनं चांगुणानं मोबाईलवर आवाज भरून धाडला. बाईला लिवता येत न्हवतं, पर जीभ कोयत्यापरीस धारदार. त्याच दुपारी उसाची ट्रॉली कलंडली. चांगुणा खाली सापडली. तिचा मोबाईल बी तिच्यासंगंच चेंबला.

तवापास्नं मुकादम हाक मारायचा, "ये अर्ध्या कोयत्या!" कारभारी हसायचा. उन्हं चढली, हात थकले, की बंडीचा आतला खिसा चाचपायचा आन् पुन्यांदा उसाला भिडायचा. मोबाईलला दुसऱ्या कुनाचा हात लागू द्यायचा न्हाई. आन् काल बघतो तर आवाजाची जागा रिकामी.

"मेमरी भरली हुती तुमची," दिपाली म्हनली. "ह्याच्यात आपोआप सफाई चालू हाय. आमी शिकलो तवा कॉम्प्युटरातल्या आसल्या सफाईवाल्याला जीसी म्हनायचे. झाडू मारनारा गडीच समजा. ज्या चीजेला कुनी धरून न्हाई, ती त्याच्या लेखी कचरा. इचारत बी न्हाई, उचलतो."

"कचरा?" कारभारीचा आवाज चढला. "आगं, धरूनच तर बसलोय! निजताना बी उशाला आसतोय."

"मोबाईल उशाला आसतोय, काका. आतल्या आवाजाला बोट कुठं लागलं? लई दिस जे कुनी उघडलं न्हाई, ते नगं झालंय, एवढंच ह्या मुडद्याला कळतं."

दिपालीला आपल्याच बोलन्याचं वाईट वाटलं. तिनं पान्याचा तांब्या पुढं केला.

"जाऊ द्या. आवाज गेला, पर बोल तर तुमच्या ध्यानात आसतील ना? काय म्हनल्या हुत्या काकी?"

भाईर टेम्पोवाला खर्डा, खर्डा करून वरडत हुता. कारभारीनं मोबाईल उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आतल्या खिशात घातला.

"बियान्याची जवारी," तो म्हनला, "घरात किती बी भूक आसली तरी कुनी दळून खातं का, पोरी?"

"म्हंजी?"

"यकदा ऐकलं आस्तं तर तिचं बोलनं सपलं आस्तं. म्या आजून ऐकलंच न्हवतं."